हिरड्यांचे ऑपरेशन आणि नंतरचे दिवस

दाताचे ऑपरेशन म्हटले की आपल्या घरांतून एकच वाक्य ऐकू येते, ‘दाताचं काय एवढं?’ पोटाचे ऑपरेशन झाले तर नातेवाईक फळे घेऊन भेटायला येतात. दाताचा पेशंट मात्र त्याच संध्याकाळी चुलीपुढे उभा असतो. मागच्या वर्षी माझ्या अम्मीच्या हिरड्यांचे ऑपरेशन झाले, मग दोन दाढांच्या जागी इम्प्लांट बसवले, त्यातले एक निघाले, ते पुन्हा बसवावे लागले. सगळे मिळून वर्ष गेले. त्या वर्षात जे पाहिले, विचारले आणि काही चुका करून शिकले, ते इथे लिहिते आहे. डॉक्टर सगळे सांगतात, पण अर्धे तोंड बधिर होऊन खुर्चीवरून उठलेल्या माणसाच्या लक्षात त्यातले किती राहते?

अम्मी ६४ वर्षांची. दहा वर्षांपासून साखरेचा आजार. दात घासताना रक्त यायचे, सकाळी उशीच्या अभ्र्यावर लाळेचा लालसर डाग असायचा. ‘वय झालं’ म्हणून तिने आणि आम्हीही सोडून दिले. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा हलून हलून काढाव्या लागल्या होत्या. पुढचे दातही हलायला लागले, भाकरी दुधात कुस्करून खाण्याची वेळ आली, तेव्हा मी तिला मिरजेला घेऊन गेले. डॉक्टर मॅडमनी रेघा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या मध्ये घालून प्रत्येक दाताचे माप घेतले आणि शेजारच्या मुलीला आकडे सांगत गेल्या. निरोगी हिरडीत ही सळई तीन मिलिमीटरपर्यंत जाते. अम्मीचे आकडे सहा, सात, पुन्हा सहा असे येत होते. म्हणजे दाताला धरून ठेवणारे हाड तेवढे झिजले होते. यालाच आपण पायोरिया म्हणतो. दातावरचा चिकट थर साफ झाला नाही की त्याचा दगड होतो, तो हिरडीखाली सरकतो, हिरडी सुजते आणि दातापासून सुटते, आणि आत हळूहळू हाड विरघळते. दुखत फारसे नाही. दुखले असते तर अम्मी दहा वर्षांपूर्वीच गेली असती.

साखर आणि हिरडी यांचे वैर दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढलेली असली की हिरडी लवकर बिघडते आणि जखम सावकाश भरते; आणि हिरडीत पू असला की साखरही आटोक्यात येत नाही. अम्मीची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी ८.९ आली होती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ‘मावशी, ही कमी करून या, मगच मी हात लावीन.’ मला तेव्हा राग आला, कारण शाळेची रजा काढून गेले होते. आता वाटते, त्यांनी घाई केली नाही हे बरे झाले. पहिल्यांदा दात खोल साफ करून घेतले, ब्रश कसा करायचा ते शिकवले. तीन महिन्यांनी आकडा ७.२ वर आला, पण काही ठिकाणी खोली कमी होत नव्हती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन ठरले.

इथे एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ असे आमच्या मोहल्ल्यात आजही म्हणतात. पण हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कुर्तुबा शहराजवळ राहणाऱ्या अबुल कासिम अल-झहरावी या हकिमाने आपल्या ‘अत-तसरीफ’ या ग्रंथात दातांवरचा दगड खरवडण्याची चौदा हत्यारे चित्रांसह दिली आहेत. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत दिली आहे, आणि पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडाचा दात घडवून बांधता येतो असेही लिहिले आहे. मी हे वर्गात मुलांना सांगते तेव्हा मुले हसतात. अम्मीला सांगितले तर ती म्हणाली, ‘मग त्या हकिमाने दुखणं बंद करायचं औषध पण लिहिलं असेल ना?’

ऑपरेशन म्हणजे काय, तर सुई देऊन जागा बधिर करतात, हिरडी बारीक कापून पाकळीसारखी मागे सारतात, मुळांवरचा दगड डोळ्यांना दिसेल असा साफ करतात आणि हिरडी जागेवर आणून टाके घालतात. पेशंट जागा असतो. दुखत नाही, पण दाब कळतो, पाण्याचा आणि हत्याराचा आवाज डोक्यात घुमतो. अम्मीला दीड तास लागला. ती बाहेर आली तेव्हा एका हाताने रुमाल धरला होता आणि दुसऱ्या हातात तसबीह होती.

पहिला दिवस महत्त्वाचा, आणि चुकाही त्याच दिवशी होतात. बधिरपणा दोन ते चार तास टिकतो. त्या वेळात गरम चहा देऊ नये, कारण भाजलेले कळत नाही. आणि बोलता-बोलता स्वतःचाच ओठ चावला जातो. दुखत नाही म्हणून गोळी नंतर घेऊ, असे अम्मीने ठरवले. इथेच आम्ही फसलो. बधिरपणा उतरायच्या आत वेदनाशामक गोळी पोटात गेली पाहिजे. एकदा ठणका लागला की गोळी त्याच्या मागे धावत राहते. मगरीबच्या सुमारास अम्मी कपाळाला ओढणी बांधून बसली होती, तो तास मला अजून आठवतो. कोणती गोळी, किती वेळा, हे मात्र डॉक्टरांनीच सांगायचे. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर शेजारणीला चाललेली गोळी आपल्याला चालेलच असे नाही. आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये.

रात्री तिने मला बेसिनपाशी बोलावले. पाणी लाल. मी घाबरून फोन केला. पलीकडून शांत आवाज आला, ‘थुंकू नका म्हटलं होतं ना?’ लाळेत थेंबभर रक्त मिसळले तरी सगळी लाळ लाल दिसते. पहिला दिवसभर असे थोडे थोडे पाझरणे ठीक असते. पण आपण वारंवार थुंकतो, चूळ भरतो, स्ट्रॉने काही ओढून पितो, तेव्हा जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी सुटते आणि पुन्हा वाहू लागते. ओलसर केलेल्या स्वच्छ कापसाच्या पट्टीवर अर्धा तास न बोलता, न उघडून पाहता दाब धरला की थांबते. अम्मीचे थांबले. इतके करूनही वाहतच राहिले असते तर रात्रीच नेण्याची तयारी ठेवायला सांगितली होती.

चूळ भरायची नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न आला, वुजूचा. अम्मीची नमाज चुकत नाही. मशिदीच्या मौलाना साहेबांना भावाने विचारले. ते म्हणाले, वुजूत कुल्ली सुन्नत आहे, डॉक्टरने मना केले असेल तेवढे दिवस सोडली तरी वुजू होतो. दुसऱ्या दिवसापासून तिने पाणी तोंडात घेऊन न खळखळता तसेच खाली सोडायला सुरुवात केली. मिस्वाकही जखमेच्या बाजूला पंधरा दिवस बंद होती. तिला ते फार जड गेले.

बर्फ गालावर बाहेरून, फडक्यात गुंडाळून, पंधरा मिनिटे ठेवायचा आणि पंधरा मिनिटे काढायचा. हे पहिल्या दिवसाचे काम. दोन दिवसांनंतर बर्फाचा उपयोग नाही, तेव्हा कोमट शेक चालतो. झोपताना डोक्याखाली दोन उशा. आणि वाकून झाडणे, पाण्याची कळशी उचलणे, चुलीच्या धगीजवळ उभे राहणे बंद. हे शेवटचे मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्या भाभीने दुसऱ्याच सकाळी सांगून टाकले, ‘अम्मी, तीन दिवस तुम्ही बावर्चीखान्यात यायचं नाही.’ सगळ्या घरांत अशी भाभी नसते. आणि ऑपरेशन सुनेचे असेल तर? तेव्हा सासूनेही असेच म्हणावे लागते. म्हणणाऱ्या किती असतात ते वाचक भगिनींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. हे आधी माहीत नसले की वाटते, काल बरे होते आणि आज बिघडले. अम्मीचा गाल लिंबू ठेवल्यासारखा झाला, हनुवटीवर निळे डाग आले, ते पिवळे होत होत गळ्याकडे उतरले. जबडा आखडला, तोंड दोन बोटेही उघडेना. फुफी लवंगेचे तेल घेऊन आल्या. उघड्या जखमेवर ते लावले तर चरका बसतो, म्हणून भाभीने बाटली अदबीने कपाटात ठेवली. खाण्यात पहिल्या दिवशी थंड दही-भात आणि फिरनी, मग कोमट यखनी, नाचणीची आंबील, मुगाची गाळ खिचडी, मऊ उकडलेले अंडे. तिखट नाही, शेंगदाणे-फुटाणे नाहीत, तिळाची चटणी तर नाहीच, कारण दाणा टाक्यात अडकतो. साखरेची गोळी घेणाऱ्याने उपाशी राहू नये, नाहीतर साखर एकदम उतरते. दुखते म्हणून न जेवता गोळी घेणे हा आमच्या घरातला एक मोठा गोंधळ होता.

ब्रश जखमेवर नाही, बाकीच्या दातांवर चालू ठेवायचा. टाक्यांच्या जागेसाठी क्लोरहेक्सिडिनचे औषधी पाणी दिवसातून दोनदा, दुसऱ्या दिवसापासून. त्याने जिभेची चव जाते आणि दातांवर तपकिरी डाग पडतात. डाग नंतर साफ करून मिळतात. अम्मीला आठ दिवस चहाला चव नव्हती आणि घरातल्या प्रत्येकाला तिने ते ऐकवले.

दहाव्या दिवशी टाके निघाले. सगळ्यांना वाटले, सुटलो. त्या दिवशी घरी आल्यावर अम्मीने आरसा घेतला आणि रडायला लागली. सूज उतरल्यावर हिरडी खाली बसली होती, दात लांब दिसत होते, पुढच्या दोन दातांत काळी फट पडली होती. ‘आधी हलत होते तरी चांगले दिसत होते,’ ती म्हणाली. ही गोष्ट आम्हाला आधी नीट समजलेली नव्हती. आजारी हिरडी फुगलेली असते, म्हणून दात झाकलेले दिसतात. आजार गेला की ती आकसते. शिवाय उघडी पडलेली मुळे थंड पाण्याने झणझणतात. अम्मीला साधे मडक्यातले पाणीही सहन होईना. त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते. झणझणणे कमी व्हायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. माझे मत असे की हिरडीच्या ऑपरेशनमध्ये ठणक्यापेक्षा हा आरशातला बदल जास्त त्रास देतो, आणि तो पेशंटला आधी सांगायला हवा, शक्य झाले तर फोटो दाखवून.

जानेवारीत दोन दाढांच्या जागी इम्प्लांट बसवले. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू. तो जबड्याच्या हाडात बसवतात आणि नंतर त्यावर दात चढवतात. स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशांच्या हाडावर प्रयोग करत होते. त्यांनी बसवलेला टायटॅनियमचा तुकडा काढायला गेले तर निघेना, हाड त्याला घट्ट चिकटले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. तेव्हापासूनचे सगळे इम्प्लांट हाडाच्या या चिकटण्यावर उभे आहेत. ते चिकटायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्यात त्याहून जास्त वेळ लागतो.

बसवण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा. हाड कमी असेल तर हाडाची पूड भरतात आणि वर पातळ पडदा ठेवतात. ही पूड किंवा पडदा पेशंटच्याच हाडाचा, मृत दात्याच्या हाडाचा, गाईचा, डुकराचा किंवा कारखान्यात बनवलेला असू शकतो. आमच्या डॉक्टर मॅडमना मी विचारले तेव्हा त्यांनी न रागावता डबीवरचे लेबल दाखवले आणि कारखान्यात बनवलेला पर्याय दिला. आधी विचारले तर पर्याय मिळतो. खुर्चीवर झोपल्यावर विचारून उपयोग नाही. तसेच हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही आधी सांगावे, त्या औषधांनी जबड्याचे हाड भरायला अडचण येऊ शकते.

इम्प्लांटचा त्रास अम्मीला हिरडीच्या ऑपरेशनपेक्षा कमी झाला. दोन दिवस सूज, तीन दिवस गोळ्या, चौथ्या दिवशी ती भाजी निवडत होती. मी शाळेत सगळ्यांना सांगितले की काही विशेष नसते.

सहा आठवड्यांनी ती म्हणाली, मागच्या जागी बोथट दुखते. डॉक्टरांनी तपासले. एक इम्प्लांट हलत होते. बधिर करून ते काढले, दोन मिनिटेही लागली नाहीत. ते हाडाला चिकटलेच नव्हते. शंभरातले नव्वदाहून अधिक इम्प्लांट टिकतात हे आम्हाला सांगितले होते. आम्ही उरलेल्यांत होतो. मॅडमनी विचारले, ‘मावशी, तंबाखू, मशेरी काही?’ अम्मी म्हणाली, ‘नाही.’ मीही जोर देऊन म्हणाले, ‘आमच्या घरात नाही.’ परतीच्या एसटीत मी डॉक्टरांच्या हातालाच दोष देत होते. अम्मी खिडकीबाहेर बघत होती.

त्या रात्री इशाच्या नमाजेनंतर तिने शिलाई मशीनच्या खणातून छोटी पत्र्याची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. मशेरी. लग्न होऊन आली तेव्हापासून, दादीने लावलेली सवय. सकाळी आणि दुपारी, दार लावून. अब्बांनाही ठाऊक नव्हते, असे ती म्हणाली. ‘तू मास्तरीण, तुझ्यासमोर डॉक्टरबाईला कसं सांगू?’ मी काही बोलले नाही. मला माझाच त्या खोलीतला जोरदार ‘नाही’ ऐकू येत होता. मी तो उच्चारला नसता तर कदाचित तिने तिथेच सांगितले असते.

तंबाखू भाजून पूड केली तरी तंबाखूच राहतो. त्यातले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते, जखमेला रक्त कमी पोचते, हाड धरायला वेळ लागतो. सिगारेट-बिडीचेही तेच. पुरुषांचे व्यसन डॉक्टरांना दिसते, ओठांवरून, कपड्यांच्या वासावरून. बायकांची डबी खणात असते. दुसऱ्या दिवशी मी फोन करून मॅडमना सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंत. आता पुढचं ठरवता येईल.’

इम्प्लांट काढल्यानंतर दोनच दिवसांत रमजान लागला. जंतुनाशक गोळ्या दिवसातून तीनदा, पाच दिवस होत्या. डॉक्टरांना विचारले, सेहरी-इफ्तारला मिळून चालेल का? त्यांनी नको म्हटले, कारण गोळ्यांतले अंतर बिघडते. अम्मीने पहिले तीन रोजे सोडले. आजारी माणसाला नंतर कजा करण्याची सवलत आहे हे तिला माहीत होते, तरी पहिल्या दिवशी दुपारी पेज पिताना ती दाराकडे पाठ करून बसली. चौथ्यापासून रोजे सुरू झाले. रोज्यात मशेरी लावता येतच नाही. दिवसभर डोके दुखायचे, चिडचिड व्हायची. इफ्तारनंतर हात खणाकडे जायचा, तेव्हा भाभी तिच्या पुढ्यात बडीशेपेची वाटी ठेवायची. महिना असाच निघाला. ईदनंतरचा पहिला आठवडा खरा कठीण होता. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११२-३५६. मी अम्मीच्या वतीने फोन लावला, पण दुसऱ्या वेळी ती स्वतः बोलली, दार लावून.

मे महिन्याच्या सुट्टीत ते इम्प्लांट पुन्हा बसवले. या वेळी मी काय पाहायचे ते वहीत लिहून घेतले होते, तेच इथे देते. कमी झालेले दुखणे तीन-चार दिवसांनी पुन्हा वाढले, ताप आला, घाण वास किंवा पू आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर वाट पाहू नये. खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवल्यावर बधिरपणाची वेळ उलटून गेली तरी ओठ-हनुवटीला मुंग्या किंवा बधिरता राहिली तर त्याच दिवशी कळवावे. तिथून नस जाते आणि तिच्या बाबतीत उशीर महाग पडतो. वरच्या मागच्या दाढांचे काम असेल तर काही दिवस नाक शिंकरायचे नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंकायचे.

खर्च मोठा आहे. आम्हाला एका दाढेचे ३५ हजार सांगितले होते, त्यात हिरड्यांचे ऑपरेशन वेगळे. निघालेले इम्प्लांट पुन्हा बसवताना त्यांनी स्क्रूचेच पैसे घेतले. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तिथे हिरड्यांचे उपचार बरेच स्वस्तात होतात. रांग मात्र लागते आणि चकरा माराव्या लागतात. इम्प्लांट परवडत नसेल तर काढता-घालता येणारी कवळी हा वाईट पर्याय नाही. हिरड्यांचा उपचार मात्र टाळू नये, कारण आजारी हिरडीत बसवलेले इम्प्लांटही त्याच आजाराने सैल होते.

ऑक्टोबरमध्ये दोन्ही दाढा चढल्या. अम्मी आता दातांच्या फटींत घालायचा बारीक ब्रश वापरते, काळी फट तिला त्याच कामाची वाटू लागली आहे. दर तीन महिन्यांनी मिरजेला जावे लागते. मॅडम दर वेळी विचारतात, ‘मावशी, डबी?’ अम्मी म्हणते, ‘डबीत आता सुया ठेवते.’ मी पाहिले आहे, खरेच सुया आहेत. तीनपैकी दोन रोजे तिने कजा केले. तिसरा थंडीत ठेवीन म्हणते, दिवस लहान असतो.